मॉनिटर कसा सुधारला

सात महिन्यांपूर्वी आलेल्या एका पत्राला निवृत्त ग्रंथपालांनी उत्तर दिलं नव्हतं, आणि दिवसातून एकदा तरी ते पत्र त्यांना टोचायचंच.

पत्र लिनक्स ही संगणकप्रणाली वापरणाऱ्यांच्या इंटरनेटवरच्या फोरमवर आलं होतं. लिहिणारी बाई घरी बसून भाषांतरं करणारी. ‘लॅपटॉपला मोठा मॉनिटर जोडला, पण अक्षरं फुगलेली आणि पुसट दिसतात. रिझोल्यूशन १०२४ बाय ७६८च्या वर जातच नाही. माझी नजर अधू आहे. लॅपटॉपच्या लहान पडद्यावर दोन पानं केली की डोळे चुरचुरतात, कामं परत पाठवावी लागताहेत. तुम्हालाही हाच त्रास होता ना? शेवटी तुम्ही नुसतं “सुटलं, आभार” लिहिलंत. कसं सुटलं, तेवढं सांगाल का?’

सांगायला ग्रंथपालांची ना नव्हती. पण ते त्यांचं त्यांनाच ठाऊक नव्हतं. तीन दिवस त्यांनी टर्मिनलच्या काळ्या खिडकीत लोकांनी सुचवलेल्या आज्ञा टाइप केल्या होत्या. चौथ्या दिवशी आंघोळ करून आले, लॅपटॉप सुरू केला, तर अक्षरं कोरल्यासारखी स्वच्छ! चाळीसेक आज्ञांपैकी कुठली लागू पडली, कोण जाणे. चुकीची सांगून त्या बाईचा धडधाकट लॅपटॉप बिघडला तर? या विचारानेच त्यांचा हात आखडायचा.

आज बायको टेबलाचा खण आवरत होती. तिने निळ्या टोकाची एक जाड केबल वर धरली. “अहो, ही टाकू का?”

“कसली आहे?”

“तुमच्या मॉनिटरची. मी बदलली ना, ती.”

ग्रंथपालांनी चष्मा काढला. “तू बदललीस? कधी?”

“तुम्ही तीन दिवस जेवणाखाण्याची शुद्ध हरपून बसला होतात तेव्हा. तुम्ही आंघोळीला गेलात, मी लेकीच्या जुन्या कॉम्प्युटरची केबल लावून बघितली.”

“मग सांगायचं नाही?”

“काय सांगणार! बाहेर आलात आणि ‘जमलं, जमलं’ म्हणून घरभर नाचलात. इतका खुललेला चेहरा बघून म्हटलं, राहू दे.”

कानाच्या पाळ्या लाल झाल्या तरी ग्रंथपाल हसले. मग त्यांनी जुनी केबल लावून लॅपटॉप पुन्हा सुरू केला. अक्षरं फुगली. टर्मिनलमधल्या रिझोल्यूशनच्या यादीत १०२४ बाय ७६८च्या वर काही नव्हतं. दोघांनी केबलचं टोक खिडकीशी नेलं. भिंगातून बघितलं, तर एक पिन आडवी झाली होती. मॉनिटर आपली ओळख लॅपटॉपला सांगायचा तो याच पिनेतून. ती पोचेना, म्हणून लॅपटॉप आपला अंदाजाने लहान आकार धरून बसायचा. लेकीची केबल लावली, आणि अक्षरं पुन्हा लख्ख.

ग्रंथपाल उत्तर लिहायला बसले. तासाभराने बायकोने खांद्यावरून डोकावून पाहिलं.

“अगंबाई, दीड पान झालं आणि अजून दिलगिरीच चालू आहे? केबल कुठे आहे यात?”

“येतेय पुढे.”

“तोवर ती बिचारी झोपी जाईल. खोडा ते.”

त्यांनी खोडलं. पाच ओळी उरल्या: आधी केबल बदलून पाहा, पिना तपासा, आज्ञांच्या नादी नंतर लागा, हा शोध माझ्या पत्नीचा आणि मला तो आजच कळला, उशीर झाला त्याबद्दल माफ करा.

“सात महिने झाले गं,” ते पुटपुटले. “तिने एव्हाना दुसरा मॉनिटर घेतला असेल. हसेल मला.”

“हसू दे की. आणि नसला घेतला तर?”

ग्रंथपालांनी पाचही ओळी पुन्हा एकदा वाचल्या. ‘पत्नीचा’च्या आधी ‘हुशार’ घातलं आणि तिला काही बोलायची संधी न देता उत्तर पाठवून टाकलं.