सहाव्या किल्ल्याचा नकाशा

शांभवीने आपला संपादक पहिल्यांदा पाहिला तो मासिक बंद पडल्यावर. जूनमधल्या एका दुपारी तो चेन्नईहून बसने तंजावूरला आला, राजवाड्यामागच्या गल्ल्यांत बराच वेळ चुकला, आणि शेवटी घामाने भिजलेल्या सदऱ्यात तिच्या दारापुढच्या ओट्यावर येऊन टेकला. काखेत कागदाची लांब नळी होती.

"मी चिदंबर. 'फायर बटन'चा," तो तमिळमध्ये म्हणाला. "तुमचे नकाशे परत द्यायला आलो, मॅडम. ऑफिस रिकामं करतोय. कुरियरच्या हाती द्यायचा धीर झाला नाही."

शांभवीने त्याला आत बोलावलं. आवाज ओळखीचा होता. सहा वर्षं फोनवर ऐकलेला. त्या आवाजावरून तिने एक जाडजूड, मिश्यांचा माणूस मनात उभा केला होता. समोर बसलेला माणूस किडकिडीत होता आणि कॉफीचा टंबळर दोन्ही हातांत धरून, थंडी वाजत असल्यासारखा पीत होता.

'फायर बटन' हे व्हिडिओ गेमचं इंग्रजी मासिक. त्याच्या मधल्या दोन पानांवर दर महिन्याला एखाद्या खेळाचा नकाशा असे: कुठल्या दारातून कुठल्या खोलीत जाता येतं, चावी कुठे, खड्डा कुठे, राक्षस कुठे. तो नकाशा शांभवी काढायची. मुलींच्या शाळेत ती चित्रकला शिकवायची, आणि शाळेत कुणालाही हे ठाऊक नव्हतं.

याची सुरुवात तिच्या धाकट्या भावामुळे झाली. कार्तिकेय बारावीत असताना कुणा ओळखीच्याने सिंगापूरहून टीव्हीला जोडायचा खेळाचा डबा आणून दिला. त्यात कॅसेट घालायची आणि खेळायचं. कार्तिकेयची बोटं विजेसारखी चालायची, पण दिशा म्हटली की बोंब. त्याच त्या खोल्यांत गोल गोल फिरत राहायचा. शांभवी मागे बसून वह्या तपासायची. एकदा तिला ते बघवेना. तिने आलेखाचा कागद घेतला आणि तो जिथे जिथे जाईल ते चौकोन काढत गेली. मग तीच सांगू लागली, "डावीकडे जा. आता खाली. तिथे नको, तिथे आत्या आहे." आत्या म्हणजे कोपऱ्यात दबा धरून बसलेली, गेल्याबरोबर अंगावर येणारी राक्षसीण. नाव कार्तिकेयनेच ठेवलेलं. अम्मा, म्हणजे त्यांची आई शेषम्मा, ते ऐकून रागवायची आणि मग स्वतःच तोंडाला पदर लावून हसायची.

तो कागद कार्तिकेयने हौसेने चेन्नईला 'फायर बटन'कडे पाठवला. चिदंबरने छापला आणि आणखी मागितले.

पुढे कार्तिकेय इंजिनियर झाला आणि अठ्ठ्याण्णव साली अमेरिकेला गेला. डबा मागे राहिला. नकाशे थांबू नयेत म्हणून शांभवी स्वतः खेळायला शिकली. तिची बोटं संथ. दर दोन खोल्यांमागे मरायची. तासन्‌तास खेळून किल्ल्याच्या आत पोचावं आणि वीज जावी, की सगळं पहिल्यापासून. तरी महिन्याच्या महिन्याला नकाशा जायचा. अंक आला की एक प्रत ती न चुकता न्यू जर्सीला पाठवायची. सोबत चिठ्ठी नसे. नकाशात एखाद्या कोपऱ्यात बारीक अक्षरात, घरच्या मराठीत, 'आत्या' लिहिलेलं असे, तेवढंच. चिदंबरला देवनागरी वाचता येत नव्हती. त्याला ती नक्षी वाटायची.

"आता वेबसाइट काढतोय," चिदंबर म्हणाला. "मुलं अंकासाठी महिनाभर थांबत नाहीत. नेटवर त्याच दिवशी उत्तर मिळतं. पण नकाशे तुमचेच हवेत."

"द्या की छापून. म्हणजे, घाला की."

"एक अडचण आहे. एवढा मोठा कागद स्क्रीनवर मावत नाही, आणि लहान केला तर काही वाचता येत नाही. तुम्ही एकेक खोली वेगळी काढून द्या. दारावर क्लिक केलं की पुढची खोली उघडेल."

शांभवीने थोडा विचार केला. "म्हणजे सगळा किल्ला एकदम कधीच दिसणार नाही?"

"नाही," चिदंबर म्हणाला. "मलाही ते आवडलेलं नाही, मॅडम."

तो संध्याकाळच्या बसने परत गेला. जाताना अम्माने त्याला केळीच्या पानात चार इडल्या बांधून दिल्या.

रविवारी कार्तिकेयचा फोन आला. शांभवीने त्याला मासिक बंद पडल्याचं सांगितलं.

"मला वाटलंच होतं," तो म्हणाला. "आता कागदावर कोण वाचतं? इथे सगळं नेटवर असतं, अक्का."

"तुला अंक मिळत होते ना?"

"मिळत होते की."

"शेवटच्या अंकातला पाण्याचा किल्ला पाहिलास? त्यात आत्या कुठे ठेवलीय ते कळलं?"

कार्तिकेयला खोटं बोलता येत नसे, लहानपणीही येत नसे.

"अक्का, पाकिटं ठेवलीयत सगळी. उघडली नाहीत. पहिली दोन-तीन उघडली होती. मग कामच इतकं... मी शेवटचा कधी खेळलो तेही आठवत नाही."

"बरं," शांभवी म्हणाली. "जेवतोस ना नीट?"

तिला राग आला नाही. राग आला असता तर सोपं गेलं असतं. फोन ठेवून ती तिथेच स्टुलावर बसली. गेली दोन वर्षं खेळताना आपण मनातल्या मनात कुणाला 'डावीकडे जा, आता खाली' म्हणत होतो, ते तिला समजलं.

तरी चिदंबरला शब्द दिला होता. तिने एका जुन्या किल्ल्याच्या खोल्या वेगवेगळ्या कागदांवर काढल्या आणि पाठवल्या. महिन्याभराने जुन्या बसस्टँडजवळच्या ब्राउझिंग सेंटरात जाऊन तिने ती साइट उघडली. खोली वरून खाली, पट्ट्यापट्ट्याने उमटत आली. रंग बरे आले होते. तिने दारावर क्लिक केलं. ती खोली गेली, पांढरा पडदा आला, मग दुसरी खोली. त्या खोलीत बसून पहिली कुठल्या बाजूला राहिली ते सांगता येत नव्हतं. काढणारी ती स्वतः, आणि तिसऱ्या दारानंतर तीच चुकली.

खाली वाचकांचे प्रश्न होते. कोइंबतूरच्या एकाने विचारलं होतं, पाचव्या किल्ल्यात हौदातून वर कसं यायचं? शांभवीने एका बोटाने इंग्रजीत उत्तर टाइप केलं, सावकाश, स्पेलिंग तपासून. पाठवलं तेव्हा तिच्याआधी तिघांची उत्तरं येऊन पडली होती. त्यातलं एक चूक होतं, पण विचारणाऱ्याने आभार मानून टाकले होते. ती उठली. शेजारच्या खुर्चीवर कोणीतरी अमेरिकेचा व्हिसाचा अर्ज भरत होतं.

घरी येऊन तिने चिदंबरला फोन केला. "सार, हे माझ्याच्याने व्हायचं नाही."

"ठीक आहे, मॅडम," तो म्हणाला. त्याने समजूत घातली नाही. पुढे वर्षभराने त्या साइटवर क्रिकेटचे स्कोअर आणि मोबाइलच्या रिंगटोन दिसू लागल्या, आणि चिदंबर कुठल्याशा सॉफ्टवेअर कंपनीत लागल्याचं तिच्या कानावर आलं.

पण ते नंतर. त्या आठवड्यात तिच्याकडे एक काम अर्धवट पडलं होतं: सहावा किल्ला. पुढच्या अंकासाठी सुरू केलेला, आता कुणालाच नको असलेला. तो तसाच सोडायला तिचं मन घेईना. शाळेतून आली की ती टीव्हीपुढे बसायची. कागदाला कागद जोडून नकाशा कूडमच्या, म्हणजे मधल्या दालनाच्या, फरशीवर पसरत गेला आणि अम्मा जेवणाची भांडी नेताना त्याला वळसा घालू लागली. आत्याची खोली आली तेव्हा शांभवीने तिथे नेहमीसारखं नाव लिहिलं. अंगठ्याला फोड आले, ते पिकले, बरे झाले.

एका शनिवारी दुपारी शेवटचा राक्षस पडला. ती इतक्या वेळा मेली होती की तो पडल्यावरही बटणं दाबतच राहिली.

मग संगीत बदललं. किल्ला ढासळला. तो ठेंगणा वीर एका टेकडीवर उभा राहिला, मागे केशरी आकाश, आणि खालच्या काळोखातून नावं वर सरकू लागली, खेळ ज्यांनी केला त्यांची, न कळणाऱ्या लिपीत. शांभवीने हे कधी पाहिलं नव्हतं. शेवट नेहमी कार्तिकेय गाठायचा, ती शाळेत असताना. आणि एकटी खेळताना ती नकाशापुरतीच खेळायची.

"अम्मा, इकडे ये," तिने हाक मारली.

शेषम्मा हात पुसत आली आणि खाली बसली. दोघी नावं वर जाताना बघत राहिल्या.

"एवढी माणसं लागतात?" शेषम्माने विचारलं.

"लागत असतील."

"आणि हा कोण?"

"ज्याला मी चालवत होते तो."

शेषम्माने त्या टेकडीवरच्या बोटभर माणसाकडे नीट पाहिलं. "कार्ती असायला पाहिजे होता," ती म्हणाली.

नावं संपली, संगीत थांबलं. टेकडी, आकाश आणि तो माणूस मात्र पडद्यावर तसेच राहिले. बटण दाबलं असतं तर खेळ पुन्हा पहिल्या दारापाशी गेला असता. तिने दाबलं नाही. अम्मा आत गेली, दूध तापलं, गल्लीतून सायकली गेल्या. शांभवीने कॉफी घेतली, शाळेच्या चित्रांचा गठ्ठा काढला आणि पडद्याच्या त्या उजेडात तपासायला बसली. मधून मधून मान वर करून ती बघत होती, तो अजून तिथेच आहे ना.