सहाव्या मजल्यावरचं टेबल

लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या कंपनीत फोन घ्यायला बसलेल्या बाईशी कुणी गोड बोलत नाही. लिफ्ट नीट चालत असेल तर कोण कशाला फोन करेल? त्यामुळे सकाळी फोन कानाला लागला की तक्रारताईच्या वाट्याला निव्वळ ओरड यायची. लिफ्ट अडकली, लिफ्ट हलते, लिफ्टमध्ये उंदीर शिरला, लिफ्टमध्ये कांद्याचा वास येतो, आणि हे सगळं जणू तिनंच करून ठेवलंय. ऑफिसात सगळे तिला तक्रारताईच म्हणत. तिलाही ते इतकं अंगवळणी पडलं होतं, की एकदा घरी बहिणीचा फोन आला तेव्हा सवयीनं तिच्या तोंडून गेलं, "बोला, काय तक्रार आहे?" बहिणीनं तासभर सांगितली.

ताई टिकली होती ती दुपारच्या जेवणाच्या जिवावर. जुनं ऑफिस गावाबाहेर, कंपनीच्याच डेपोच्या आवारात होतं. मागच्या खोलीत एक डगमगतं टेबल होतं आणि त्याच्याभोवती चौघं बसत: ताई, सगळ्यात जुने मेकॅनिक तेलकाका, नकाशे काढणारा रेघोबा आणि हिशेबखात्यात नवीनच लागलेली धाकटी. काकांची बायको गेलेली, ताईची लेक लग्न होऊन लांब गेलेली. दोघांच्या घरी संध्याकाळी बोलायला भिंतीच. अख्ख्या दिवसात ताईशी कुणी हसून बोलायचं ते त्या टेबलावर, आणि तेवढ्यावर तिचा पुढचा दिवस निघायचा.

मग कंपनीला अवदसा आठवली. ऑफिस शहराच्या ऐन मध्यावर, एका काचेच्या इमारतीत हलवलं. खाली गालिचा, वर थंडगार हवा आणि दारावर पाटी: जागेवर खाण्यास सक्त मनाई. डब्याचा वास म्हणे गालिच्याला लागतो. जेवायचं तर बाहेर जा, आणि बाहेर सगळी साहेबलोकांची हॉटेलं.

दोन आठवड्यांत चौघांची तोंडं चार दिशांना झाली. रेघोबा जिन्यात बसून बिस्किटं खायचा. धाकटी 'डाएट चालू आहे' म्हणायची आणि चार वाजता भोवळ आल्यासारखी दिसायची. काका चौकातल्या गाडीवर उभ्याउभ्या काहीतरी पोटात ढकलायचे. एके दिवशी ते ताईच्या टेबलाशी आले आणि खाली मान घालून म्हणाले, "ताई, डेपोत जागा रिकामी आहे. बदली मागावी म्हणतो. महिनाअखेरपर्यंत कळवायचंय."

"का हो काका? मधेच हे काय?"

"एकट्यानं उभं राहून खायचं, तर घास उतरत नाही गं. मग हा एवढा प्रवास तरी कशासाठी?"

काका गेले की टेबल गेलं, हे ताईला लख्ख दिसलं. उरलेल्या वर्षांत मग नुसती ओरड. "बदलीबिदली काही नाही," ती म्हणाली. "चौघांना बसता येईल, पोट भरेल आणि खिसा फाटणार नाही, असं ठिकाण मी शोधते. नाही शोधलं तर नावाची तक्रारताई नाही."

"तसंही ते तुमचं नाव नाहीच," रेघोबा पलीकडून म्हणाला.

"तू गप्प बस रे, बिस्किट्या."

आणि शोध सुरू झाला. ताई धाकटीला बरोबर घेऊन एकेक गल्ली पालथी घालू लागली. गंमत अशी, की पोटासाठी चाललेली ही भटकंती पाहता पाहता दोघींना चढली. एक वाजायच्या आधीच धाकटी चपला सावरून उभी राहायची. एका ठिकाणी परातीएवढी बशी आली आणि तिच्या मधोमध सूप चमचा-दोन चमचे. "वाढताना वाढपी शिंकला वाटतं," धाकटी पुटपुटली आणि ताईला ठसका लागला. दुसऱ्या ठिकाणी भाव बरा होता, पण मालक उरावर उभा. घास तोंडात असतानाच विचारायचा, "झालं का?" तिसऱ्या ठिकाणी सगळं छान होतं म्हणून काकांना आणि रेघोबालाही नेलं, तर चौघांना चार वेगळ्या टेबलांवर कोंबलं. रेघोबा एका अनोळखी बाईच्या समोर बसून सगळा वेळ मिठाच्या डबीकडे बघत राहिला.

महिना उतरणीला लागला. काकांनी बदलीचा विषय पुन्हा काढला नाही, आणि ताईला त्याचीच जास्त धास्ती वाटू लागली.

त्या दिवशी दोघी बँकेच्या मागच्या गल्लीत शिरल्या. एक जुनी इमारत, पुढचं दार सताड उघडं, आत लोखंडी जाळीची लिफ्ट. तिच्यावर पत्र्याची पाटी टांगलेली, तांबड्या रंगात: लिफ्ट बंद आहे. एक गृहस्थ आत आले, पाटी वाचली, च्च् केलं आणि माघारी फिरले. मागोमाग आणखी दोघं आले, तेही तसेच परतले.

बाकीचं जग ती पाटी वाचून परत फिरतं. लिफ्टवाल्यांचं उलटं, त्यांचं काम तिथूनच सुरू होतं. ताईचे पाय आपोआप पुढे गेले. दाराच्या वर त्यांच्याच कंपनीच्या नावाची जुनी, रंग उडालेली पट्टी होती. ताई जाळीजवळ गेली आणि थबकली.

"धाकटे, इकडे ये. नाक लाव."

"कुठे?"

"इथे, या फटीला."

भर दुपारी दोन बायका बंद लिफ्टचा वास घेत उभ्या राहिल्या. रस्त्यावरून जाणाऱ्या एकानं मुलाचा हात घट्ट धरला.

"लसूण!" धाकटी ओरडली. "ताई, लसूण परततंय कुणीतरी!"

"लिफ्टची विहीर म्हणजे उभा नळ असतो बाई, वरचा वास खाली, खालचा वर. इतकी वर्षं लोक मला फोनवर ओरडतायत, लिफ्टमध्ये कांद्याचा वास येतो म्हणून. त्याचा अर्थ काय? आसपास कुठेतरी स्वयंपाकघर आहे. चल!"

दोघी जिना चढू लागल्या. दुसऱ्या मजल्यावर कुलूप, तिसऱ्यावर कुलूप, चौथ्यावर धूळ. पाचव्यावर धाकटी म्हणाली, "ताई, लसणाच्या नादात जीव जायचा." सहाव्यावर दार उघडं होतं. आत मोठी खोली, तिला लागून गच्ची, स्वच्छ पुसलेली टेबलं आणि एकही माणूस नाही. कोपऱ्यात एक म्हातारी लसूण सोलत बसलेली. शेगडीपाशी पदर खोचलेली बाई त्यांना पाहून इतक्या घाईनं उठली, की डाव खाली पडला.

"चौघांना बसायला जागा मिळेल का?" ताईनं धापा टाकत विचारलं.

"चौघांना? अहो, चाळीस बसतील. माणसं तेवढी आणा!"

भात, घेवड्याचं दाट कालवण, वर उकडलेलं अंडं, काकडी आणि पुन्हा हवं तेवढं कालवण. भाव ऐकून धाकटीनं दोनदा विचारलं. हिशेबखात्यातली असूनही तिला बेरीज पटेना. चौघांचं जेवण मिळून त्या परातवाल्या सुपापेक्षा स्वस्त! ताईनं तिथूनच ऑफिसात फोन लावला. "काका, रेघोबाला उचला आणि या. धावत या. आणि खाली पाटी दिसेल, तिकडे लक्ष देऊ नका."

त्या दुपारी चौघं पुन्हा एका टेबलाभोवती बसले. रेघोबा तिसऱ्यांदा कालवण मागून घेत म्हणाला, "मी या घेवड्याशी लग्न करतो." म्हातारी कोपऱ्यातून म्हणाली, "हुंडा काय देशील?" काका इतके हसले की डोळे पुसायला लागले. ताई नुसती त्यांच्याकडे बघत राहिली. तिला आनंदानं काही सुचेना, म्हणून तिनं सगळ्यांना बळंच काकडी वाढली.

मग ते रोजचंच झालं. अख्खी गच्ची त्यांची. एक वाजला की चौघं जिन्यावर शर्यत लावत आणि धाकटीचं डाएट कुठल्या कुठे पळालं. काका बदलीबद्दल विचारलं की "बघू" म्हणत, पण हसून म्हणत.

एके दिवशी भात वाढता वाढता बाई सहज म्हणाली, "अजून चार दिवस या हं. मग आम्ही बंद करतोय."

चौघांचे हात थांबले.

"खाली शिवणकामाचे कारखाने होते, तेव्हा इथे पाय ठेवायला जागा नसायची," बाई सांगू लागली. "ते गेले, मग लिफ्ट बंद पडली. घरमालक म्हणतो, रिकाम्या इमारतीला लिफ्ट कशाला? तांदळाची पोती, गॅस, सगळं मी पाठीवर आणते. राहतोही इथेच, या सासूबाई तर वर्षभरात खाली उतरल्या नाहीत. आणि माणसं तरी पाटी वाचून परत जातात. तुम्ही चौघंच कसे आलात कोण जाणे."

त्या दिवशी जिना उतरताना कुणी शर्यत लावली नाही. तळमजल्यावर काकांनी लिफ्टच्या दारावर हात ठेवला.

"ताई, हिला काही झालेलं नाही. या दाराच्या कुलपातली पट्टी झिजलीय. दार लावलं तरी हिला वाटतं, उघडंच आहे. म्हणून हलत नाही. अर्ध्या तासाचं काम."

"तुम्हाला कधी कळलं?"

काकांनी कानामागे खाजवलं. "पहिल्याच दिवशी."

"मग बोलला नाहीत?"

"तक्रार नोंदवल्याशिवाय लिफ्टला हात लावायचा नाही, हा कंपनीचा नियम आहे." मग त्यांचा आवाज खाली आला. "आणि खरं सांगू? लिफ्ट चालू झाली की अख्खा बाजार वर येईल. मग आपल्याला कोण बसू देतंय?"

ताईला तरी कुठे हे कळत नव्हतं? दिवसभर तक्रारी टिपणारी बाई रोज त्या पाटीसमोरून जात होती आणि एकदाही तिचा हात कागदाकडे गेला नव्हता. बाईच्या पाठीवरचं पोतं तिनं पाहिलं होतं. पाहून काकडी खाल्ली होती. तिला स्वतःची भयंकर लाज वाटली. आणि लाजेइतकंच वाईटही वाटलं, कारण आता काय करायचं ते ठरलं होतं आणि त्यात टेबल जाणार होतं.

ऑफिसात येऊन तिनं त्या इमारतीच्या घरमालकाचा नंबर काढला. आयुष्यभर तक्रारी ऐकल्या, आज पहिल्यांदा करायची होती. फोन उचलला गेला आणि ताईच्या तोंडून इतक्या वर्षांचा साठा बाहेर पडला.

"हॅलो! कोण बोलतंय ते महत्त्वाचं नाही, तुम्ही तिथे झोपा काढताय का ते सांगा! सहा मजले म्हाताऱ्या माणसानं चढायचे का? वर्षभर? मला नुसती कारणं सांगू नका! 'बघतो' म्हणजे काय? कधी बघता? आजच्या आज! तुमच्या वरच्यांना फोन द्या! वरचे नाहीत? मग तुम्हीच ऐका!"

अख्खं ऑफिस उभं राहून ऐकत होतं. रेघोबाची पेन्सिल खाली पडली. घरमालक बिचारा एवढा गांगरला, की "हो बाई, करा, करा, दुरुस्त करा, बिल पाठवा" म्हणून त्यानं फोन ठेवला. ताईचा चेहरा लाल झाला होता. "काय छान वाटतं गं ओरडल्यावर!" ती धाकटीला म्हणाली. "उगाच नाही लोक फोन करत." मग तिनं तक्रार नोंदवली आणि कागद काकांच्या हातात दिला.

दुसऱ्या दिवशी काकांनी पट्टी बदलली, तेल घातलं, बटण दाबलं. लिफ्ट कण्हली, थरथरली आणि वर निघाली. पहिल्यांदा सासूबाई खाली आल्या. रस्त्यावर उभ्या राहून त्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "गर्दी वाढलीय हो!"

ती गर्दी पुढच्याच दिवशी वर चढली. जाळीतून लसणाचा वास येतोय, वर जायला लिफ्ट आहे, मग काय! महिन्याच्या शेवटच्या दिवशी चौघं सवयीनं जिन्यानं वर आले तेव्हा दारापर्यंत रांग होती. सगळी टेबलं भरलेली, गच्चीच्या कठड्यावरसुद्धा माणसं टेकलेली. बाई दोन्ही हातांनी वाढत होती आणि तिचा चेहरा फुलला होता. ताईला तिच्यासाठी मनापासून बरं वाटलं, आणि रडूही आलं.

"बघा, म्हटलं होतं ना," काका हळूच म्हणाले आणि खिशातला फोन चाचपू लागले. "आजच कळवायचंय डेपोला."

"ताई," धाकटीनं कोपरानं ढोसलं. "ते बघा."

गच्चीच्या कोपऱ्यात एक टेबल होतं. त्याला चार खुर्च्या, आणि चारही रिकाम्या. एवढ्या गर्दीत! बशी घेतलेला एक माणूस घाईघाईनं तिथे गेला, टेबलावर वाकून काही वाचलं, च्च् केलं आणि माघारी फिरला. मागोमाग दोन मुली गेल्या, त्याही परतल्या. ताई पुढे गेली. टेबलावर मिठाच्या डबीला टेकवून पत्र्याची ती पाटी उभी होती: लिफ्ट बंद आहे.

"आलात का?" सासूबाई लसूण सोलता सोलता म्हणाल्या. "बसा. ती पाटी वाचून फक्त तुम्हीच पुढे येता."

बाईनं येऊन पानं मांडली, काकडी ठेवली. काका खुर्चीत बसले. बराच वेळ त्यांनी पाटीवरची धूळ बाहीनं पुसली. मग फोन काढून ताईकडे पाहिलं.

"डेपोवाल्यांना काय कळवू गं?"

ताईनं त्यांच्या पानात काकडी वाढली. "कळवा, लिफ्ट बंद आहे."