कोळशाच्या आवारातली पाण्याची तोफ

मित्रांनो, तोफ म्हटल्यावर घाबरू नका. मी पाण्याची तोफ आहे आणि आता बरीच जुनी झाले आहे. दाल्मेशियाच्या किनाऱ्यावर एका बंदरातल्या कोळशाच्या आवारात मी उभी असते. जहाजांतून उतरलेल्या कोळशाच्या ढिगांवर पाणी मारायचे, म्हणजे त्याची भुकटी उडत नाही, एवढेच माझे काम. पण या साध्या कामाने माझ्या डोक्यात घातलेला गोंधळ अजून सुटलेला नाही.

मला इथे बसवले तेव्हा आवाराचा मुकादम श्पिरो रोज माझे तोंड फडक्याने पुसायचा. त्याचे घर आवाराच्या वरच्या अंगाला, टेकडीवर. त्याची आई नेदिल्का येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची, की ही तोफ आल्यापासून आमच्या चादरी पांढऱ्या वाळतात. ते ऐकून मी फुगून जायचे आणि आणखी लांब पाणी फेकायचे. जास्त पाणी म्हणजे जास्त चांगले, असे मला वाटू लागले.

मग एक कोरडा उन्हाळा आला. गावातल्या नळांना थेंब थेंब पाणी येऊ लागले. बंदराचे वीज-पाणी सांभाळणारी यासेंका आवारात आली. ही तोफ पिण्याचे पाणी कोळशावर ओतते, वर पंप वीज खातो ती वेगळीच, असे ती श्पिरोला म्हणाली. त्याच दिवशी माझे पाणी बंद झाले. मला काही कळेना. कालपर्यंत ज्याचे कौतुक होते, तोच आज गुन्हा कसा झाला?

गावाच्या नळांना पाणी आले. पण त्याच आठवड्यात समुद्रावरून जोराचा वारा सुटला. ढिगांवरची काळी भुकटी उठली आणि सरळ टेकडीवर गेली. मी कोरड्या तोंडाने नुसती बघत राहिले.

दुसऱ्या दिवशी नेदिल्का फाटकातून आत आली. हातात ताट होते आणि ताटात गच्चीवर वाळत घातलेली अंजिरे, सगळी काळी. ती थेट यासेंकासमोर जाऊन उभी राहिली.

श्पिरो खालच्या आवाजात म्हणाला, "आई, घरी जा. इथं तमाशा नको."

"तू गप रे. तुझ्याशी कोण बोलतंय?"

यासेंका म्हणाली, "मावशी, तुमच्याच नळाला पाणी यावं म्हणून बंद केलं हो."

"आलं की पाणी. आता त्यानं काय धुऊ ते सांग. ही अंजिरं, का नातीची छाती? सारखी खोकतेय पोर."

यासेंकाने एक अंजीर उचलून तोंडात टाकले. दातांखाली कचकच झाली, पण ती थुंकली नाही. मग श्पिरोला म्हणाली, "उघड."

मी पाणी मारले, पण नेहमीचा आनंद झाला नाही. त्या संध्याकाळी टेकडीवरचे नळ कोरडे पडले. लोकांनी यासेंकाला नको नको ते सुनावले. नेदिल्काच्याही घरात पाणी नव्हते. मी चांगले केले की वाईट, कोणाला विचारणार?

यासेंका मात्र दुसऱ्या दिवशी माझ्याजवळ येऊन उभी राहिली. मी मारलेले पाणी ढिगांखालून ओघळून समुद्राला मिळत होते, ते ती बघत होती. हेच पाणी परत वापरू, असे ती म्हणाली. अशाने तोफ तुंबेल, असे श्पिरोचे म्हणणे. दोघे खूप भांडले. शेवटी कडेला एक टाके बांधले. आवारातले आणि पावसाचे पाणी आता तिथे जमते, गाळ खाली बसतो आणि वरचे पाणी माझ्याकडे येते. वारा सुटला तरच पंप चालतो, त्यामुळे विजेचीही बचत होते. श्पिरोचेही खरे ठरले. मी तुंबते, आणि तो शिव्या घालत तारेने माझे तोंड साफ करतो. नेदिल्काची नात कमी खोकते, पण खोकते.

आपणच ओतलेले पाणी पुन्हा आपल्याकडे आले, की ते नवे म्हणायचे की जुने? किती पाणी म्हणजे पुरेसे? मित्रांनो, हे मला अजून कळलेले नाही. पाणी वाचवा, असे सगळे सांगतात. जरूर वाचवा. माझे सांधे गळू लागले, तर तेही वेळीच आवळा. पण नळ उघडताना, आणि बंद करतानाही, वरच्या अंगाला कोण राहते, ते एकदा मान वर करून पाहा.