येईन हो मी अधूनमधून

मित्रांनो, मी एक जुनी पिशवी आहे, पण मला भाजीच्या पिशव्यांच्या पंगतीत बसवू नका. घरोघर फिरणाऱ्या नर्सबाईंच्या खांद्यावर मी जन्म काढला. माझ्या पोटात कापूस, बँडेज, कात्री आणि मलमे असत. माझा थाटही मोठा. आधी जमिनीवर स्वच्छ कागद अंथरायचा, त्यावर मला ठेवायचे, बाईंनी हात धुवायचे, मगच मला उघडायचे.

गल्लीच्या टोकाला शिंपीकाका एकटेच राहत. साखरेच्या आजारामुळे त्यांच्या तळपायाची जखम भरता भरत नव्हती. काका तसे फटकळ.

"हळू हो बाई, पाय आहे, गाठोडं नाही."

"मग हलवू नका. तुम्ही कापड बेतता तेव्हा ते हलतं का?" बाई म्हणत.

बाईंच्या हाताला यश होते. जखम कडेने भरू लागली. दुसऱ्या कोणाला मात्र काका पायाला हात लावू देत नसत.

मग बाईंना बढती मिळाली. परीक्षा देऊन देऊन त्यांनी ती मिळवली होती, आणि जिने चढून गुडघेही कुरकुरू लागले होते. आता त्या पर्यवेक्षिका झाल्या आणि मी एका नव्या नर्सच्या खांद्यावर आले. निरोपाच्या दिवशी काकांचा चेहरा एवढासा झाला. बाईंना ते बघवेना.

"येईन हो मी अधूनमधून," त्या म्हणाल्या.

सुरुवातीला सुट्टीच्या दिवशी त्या खरंच येऊन पट्टी बदलून गेल्या. पुढे बैठका वाढल्या, घरी आई अंथरुणाला खिळली, आणि येणे राहून गेले.

नवी नर्स दारात उभी राहिली की काका आतूनच सांगत, "तू जा पोरी. आमच्या बाई कालच बांधून गेल्या."

वरिष्ठांच्या कामात आपण कशाला नाक खुपसा, असे तिला वाटे. कचेरीत बाई तिला विचारत, "काका बरे आहेत ना?" ती म्हणे, "बरे आहेत." बाईंना वाटे ही जाते, हिला वाटे बाई जातात. उंबऱ्यापाशी मला वास आला होता. तिने तो गटाराचा समजला. मला जीभ असती तर मी ओरडले असते.

शेवटी शेजाऱ्यांनी काकांना उचलून दवाखान्यात नेले. पाय कापावा लागला. त्यानंतर काका फार दिवस राहिले नाहीत.

"मला वाटलं, तू जातेस," बाई म्हणाल्या.

"मला वाटलं, तुम्ही."



वर्षे गेली. त्या नव्या नर्सलाही बढती मिळाली. तिच्या जागी आलेल्या मुलीला घेऊन ती दारोदार फिरली. पायाला जखम असलेल्या एका आजीने तिचा हात घट्ट धरला.

"येशील ना गं मधूनमधून?"

"नाही आजी. आजपासून मी येणार नाही. पाय हिलाच दाखवायचा."

आजी रुसली, रडली, नको नको ते बोलली. ही खाली मान घालून ऐकत राहिली. अखेर आजीने पाय त्या मुलीपुढे केला, तेव्हाच ही उठली. जिन्यातून हिच्या हुंदक्यांचा आवाज मला बराच वेळ ऐकू येत होता.

मित्रांनो, कोणाला तुमची सवय झाली असेल आणि तुम्हाला जावे लागले, तर त्यांचा हात दुसऱ्याच्या हातात देऊन मगच निघा. त्यांनी तुम्हाला दुष्ट म्हटले तरी चालेल.