बिऱ्हाड एक, सुस्थितीत

डोरथी लोबोला तुम्ही घरात कोंडलंत साहेब, आणि तेही लाल शाईने. तिला ट्रकमधून नेण्याच्या परवान्याचा तिसरा अर्ज तुमच्या कारकुनाने टेबलावरून असा सरकवला की तो तिच्या नवऱ्याच्या, आंतोनच्या, पायांशी पडला. वर तुमची सही आणि एक ओळ: ‘मालवाहू वाहनातून माणूस नेता येणार नाही.’

आंतोनने कागद उचलला, झटकला, घडी घातली.

“साहेब, ती बसू शकत नाही. बसमध्ये आडवी कशी न्यायची?”

“मग घरीच ठेवा,” असं तुम्ही म्हणालात. जेवायची वेळ झाली होती तुमची.

आंतोन मालवणचा ट्रकवाला. कौलं, आंबे, सुकी मासळी, जे मिळेल ते वाहायचा. सत्तावन्न साली विहिरीवर पाय घसरून डोरथीची कंबर मोडली, तेव्हापासून ती खाटेवर. माहेर म्हापशाला. तेव्हा गोवा पोर्तुगीजांचा, हद्द बंद होती. तिचा बाप पलीकडे वारला, हिला कळलं महिन्याने. मग गोवा मोकळा झाला, हद्द उघडली, आणि तुम्ही आडवे आलात. म्हातारी आई इझाबेल तेवढी उरली होती. तिचे दिवस भरत आले होते, आणि मधे होता चार तासांचा रस्ता.

आंतोनने तुमची वाट पाहिली नाही. महायुद्धातल्या आपल्या जुन्या ट्रकवर त्याने फणसाच्या फळ्यांची खोली बांधली. खाट चार काथ्याच्या दोरांनी छताला टांगली, पाळण्यासारखी. खिडकी कापली ती आडव्या माणसाच्या डोळ्यांच्या रेघेत. मग खाटेवर काठोकाठ भरलेली कळशी ठेवून तो एकटाच म्हापशाच्या वाटेला लागला. दर हिसक्यानंतर उतरून पाहिलं, आणि पाणी सांडलं असेल तिथे कागदावर फुली मारली. त्र्याहत्तर फुल्या झाल्या. दुसऱ्या खेपेला नव्वद, कारण घाई केली. तिसऱ्या खेपेला गाडी बैलगाडीच्या चालीने हाकली, आणि कळशी भरलेली परत आली.

“चार दिस,” त्याने डोरथीला सांगितलं. “कट्टा, कुडाळ, सावंतवाडी, मगे म्हापसा. तीन वस्ती.”

“अरे, इतक्या सवकाश मयतसुद्धा नेनत नाय!”

“मयताक घाय आसता गो. आपणाक खंय आसा?”

वस्तीच्या जागाही त्याने हेरून ठेवल्या होत्या. सपाट जमीन, गोड पाण्याची विहीर, आणि जवळ एक तरी बाई, जी ‘अगो बाय’ न करता डोरथीच्या मदतीला चढेल.

राहिला परवाना. सातवी शिकलेली डोरथी म्हणाली, “आण हंय तो कागद.” पोटावर पाट ठेवून तिने चौथा अर्ज लिहिला. ‘मालाचा प्रकार’ या रकान्यापाशी क्षणभर थांबली, हसली, आणि वळणदार अक्षरात लिहिलं: बिऱ्हाड.

तुम्ही न वाचता शिक्का मारलात.

फेब्रुवारीत ते निघाले. सहा वर्षं कौलं मोजलेल्या बाईच्या डोळ्यांपुढून काजूचा मोहोर गेला, माळावरची गुरं गेली, पोरांनी हात हलवले. तिने प्रत्येकाला हात हलवला. संध्याकाळी कट्ट्याला चहावाल्याची यशोदा पेजेचं भांडं घेऊन वर चढली आणि कमरेवर हात देऊन म्हणाली, “अगो, ही खोली माज्या घरापरास बरी! आमचो मेलो असो झोपाळो कधी बांदतलो?” खालून नवरा ओरडला, “आधी तू कंबर मोड, मगे बांदतंय!” डोरथी हसली ती दोर करकरेपर्यंत.

चौथ्या दिवशी दुपारी हद्दीच्या नाक्यावर गाडी अडवली. तिथले साहेब घाटावरचे, नवीन. मागचं दार उघडलं तर आत केसांत अबोली माळलेली बाई.

“परवान्यात बिऱ्हाड आहे. ही कोण?”

इथून माघार म्हणजे पुन्हा तुमचं टेबल. पण आतून पुस्तकी मराठीत आवाज आला, “बिऱ्हाड मीच. तुमच्याकडे बिऱ्हाड म्हणजे नुसती भांडीच का, साहेब?”

शेजारी लवू हवालदार उभा होता. त्याला राहवलं नाही. “सायब, आमच्या हंय बायलेकच बिऱ्हाड म्हणतत. माजां कुडाळाक आसा!”

मागच्या गाडीवाल्यांसकट सगळा नाका हसला. साहेब हसले नाहीत. त्यांनी टांगलेली खाट पाहिली, ती खिडकी पाहिली.

“मी काय लिहू यावर?”

“लिहा,” डोरथी म्हणाली, “माल तपासला. बिऱ्हाड एक. सुस्थितीत.”

त्यांनी टोपी काढून काखेत धरली आणि शब्द न् शब्द लिहिला.

म्हापशात इझाबेलने शिडी मागवली. लेक खाली उतरू शकत नव्हती, म्हणून सत्तरीची म्हातारी वर चढली. आत पाय ठेवून तिने चहूकडे पाहिलं. “चेडवा, घरच घेवन आयलें गो तूं!” एवढंच बोलली आणि खाटेवर लेकीला लागून आडवी झाली. आंतोनने दार ओढून घेतलं आणि शिडीपाशी राखण करत बसला.

ही झाली फेब्रुवारीची गोष्ट. आता त्यांच्या ओट्यावर माणसं येतात. डोरथी खाटेवरून वाटा आखते: जानकीबाईला देवगडला लेकीकडे, दोन वस्ती, परशुरामला दोडामार्गला भावाकडे, तीन. माणसं नेण्याचा रीतसर अर्ज तिने तुमच्याकडे केला आहे, या वेळी शब्दाचा खेळ न करता, रकान्यात माणसांची नावं लिहून. आठ महिने झाले, उत्तर नाही.

पहिली पाळी माझ्या शेजारच्या अप्पा मास्तरांची. अर्धांगाने पडले आहेत. त्यांना एकदा आंबोलीचा घाट चढायचा आहे. आंतोन सोमवारी निघतो हे त्यांना माहीत आहे, म्हणून दर सोमवारी ते दाढी करवून घेतात, धुतलेला सदरा आणि काळी टोपी घालतात आणि रस्त्याकडे तोंड करून पडून राहतात.

परवा पुन्हा सोमवार आहे, साहेब. त्यांना काय सांगू?