इसुझूचा सोमवार

जपानमधल्या कानाझावा शहराच्या जुन्या गल्लीतले तातामी चटया शिवणारे गोन्झाबुरो, त्यांचे चिरंजीव किसाकू, आणि किसाकूंचे चिरंजीव तोकुजी. तिघांच्याही दुकानात एकच शिरस्ता होता : सुई जागेवर गेल्याखेरीज कोणी जेवायला बसायचे नाही. त्या तोकुजींची लेक चिझुरू मात्र तिसरीतल्या आपल्या मुलीचे, कोतोहाचे, दप्तर रोज स्वतः भरून देत असे.

शाळेत मुलेच मुलांना जेवण वाढीत. वाढपाची पाळी संपली की एप्रन शुक्रवारी घरी न्यायचा आणि धुऊन, इस्त्री करून सोमवारी पुढच्या मुलाच्या हाती द्यायचा. कोतोहाची पाळी संपली, पण त्या सोमवारी एप्रन घरी दांडीवरच राहिला. चिझुरू तो घेऊन सायकल दामटीत वर्गाच्या दाराशी पोहोचली, तेव्हा वाढून झाले होते. एप्रनवाचून भांड्याला हात लावता येत नाही. म्हणून इसुझू नावाची मुलगी, पहिलीच पाळी असून, भिंतीशी हिरमुसून उभी होती.

"कोतोहा, एप्रन कुठे गं?" बाईंनी विचारले.

"आईनं ठेवलाच नाही!" कोतोहा खुशाल म्हणाली.

चिझुरू घरी येऊन आपल्या आईपुढे, तोमिएपुढे, तणतणली. "ऐकलंस आई? राबायचं मी, आणि बोलही मलाच!"

मुळा किसता किसता तोमिए म्हणाली, "खरंच बोलली पोर. दप्तर तू भरतेस, मग विसरणार कोण? शेजारीण?"

"लहान आहे गं ती."

"तू तिच्याएवढी होतीस तेव्हा बाबा सुयांची पेटी तुझ्या हवाली करायचे. एकदा सुई चटईत राहिली आणि गिऱ्हाइकाच्या पायात गेली. बाबा रागावले नाहीत, पण माफी तुलाच मागायला लावली. पुन्हा विसरलीस कधी?"

"नाही."

"आज सुई गेली इसुझूच्या पायात, कळवळलीस तू, आणि कोतोहाला त्याचा पत्ताच नाही!"

केवढी ही चूक! मायेपोटी तिने मुलीच्या हातून शिकण्याची संधीच काढून घेतली होती!

त्या संध्याकाळी वेळापत्रक कोतोहाच्या उंचीवर लागले, दाराशी दुसऱ्या दिवशीच्या वस्तूंसाठी टोपली आली. चिझुरू शेजारी बसे, "उद्या काय काय लागेल?" एवढेच विचारी, हात लावीत नसे. लवकरच एकदा बासरी घरी राहिली. चिझुरू सायकलीकडे धावली.

"बस खाली!" तोमिए गरजली.

कोतोहा रडवेली होऊन परतली. "सगळे वाजवत होते, मी नुसती बसले. इसुझूलाही असंच वाटलं असेल ना गं आई?"

चिझुरूने तिला जवळ घेतले. बासरी मात्र कोतोहानेच टोपलीत ठेवली.

पालकहो, मुलाचे दप्तर भरून देणे सोपे असते. त्याला ते भरायला शिकवणे, आणि चुकले तर चुकू देणे, हे कठीण. पण खरी माया तीच!

पुढे कोतोहाची पाळी आली. सोमवारी तिने एप्रन इसुझूपुढे धरला.

"आज तू वाढ. तुझा सोमवार माझ्याकडे राहिला होता."

"आणि तू?"

"मी रांगेत. पण वाटी भरून वाढ हं, चिक्कूपणा नको!"

इसुझूने हसत वाटी काठोकाठ भरली. कोतोहाचे देणे पुरते फिटले.