गोदूबाईंचा डावा हात

मी शुगरची मशीन. मुठीएवढा माझा जीव, आणि रक्ताच्या एका थेंबावर माझं पोट. बेसा भागातल्या गोदूबाईंच्या घरी त्यांच्या मुलाने, भूपेशने, मला हौसेने आणलं. पंधरा दिवस घरादाराने बोटं टोचून घेतली. मग हौस फिटली, मी कपाटात गेले आणि गोदूबाईंच्या शुगरच्या गोळ्याही माझ्यामागे आल्या. माणसांची भीती फार लवकर ओसरते.

गोदूबाई मूळच्या उमरेडच्या. चाळीस वर्षं हातमागावर बसलेल्या. गेल्या चैत्रात त्यांचा डावा हात आपोआप उडू लागला. खांद्यापासून पिळवटायचा, फेकला जायचा. शेजारच्या प्रेमलताबाईंनी बघताक्षणी हात जोडले, "देवी आली वं!" दुसऱ्या दिवसापासून बायका ओटी भरायला येऊ लागल्या. रोज प्रसादाचा शिरा, आणि पहिला घास गोदूबाईंना. मी कपाटात चरफडत होते.

"देवी नाही वं," त्या रडकुंडीला येऊन म्हणायच्या, "माहा हात माहं ऐकून नाही राहिला." कोण ऐकतो! सून धनश्रीने मला बाहेर काढलं, तर भूपेश गरजला, "देवी आली त्या अंगाले सुई टोचतं काय? पाप लागन!" मी परत आत.

पाचव्या दिवशी गोदूबाईंनी उजव्या हाताने डावा दाबून धरला. "टोच वं पोरी. पाप लागलं तं मले लागन."

आकडा आला पाचशे बासष्ट. भूपेशच रिक्षा आणायला धावला.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, साखर फार दिवस चढलेली राहिली की क्वचित कुणाच्या मेंदूच्या आतल्या भागावर परिणाम होतो आणि एका बाजूचा हात असा उडतो. आणखी उशीर झाला असता तर बाई बेशुद्धच आल्या असत्या. साखर आठवड्यात उतरली, हात निवायला मात्र दोन महिने लागले. ते दिवस मला आजही नकोसे वाटतात.

देवीला जरूर हात जोडा. पण त्याआधी एक थेंब मला द्या, एवढंच माझं मागणं आहे.

परवा एक अनोळखी बाई विचारत विचारत दारात आली. सासूचा हात उडतो, देवीचा कौल हवा म्हणाली आणि पायांशी वाकली. गोदूबाईंनी पाय मागे घेतले.

"पाया नको पडू वं. सासूले घेऊन ये."

म्हातारी आली. गोदूबाईंनी मला उघडलं, नवी सुई लावली आणि तिचं बोट आपल्या डाव्या हातात धरलं. तो हात हलला नाही.